कमी खर्चात मॉर्फ डेक: कडेना कमांडर, कुठून सुरुवात करू?

दादरकर_डेक: मॅजिक या पत्त्यांच्या खेळात कडेना (माझी कमांडर, म्हणजे डेकचं मुख्य कार्ड) हिच्याभोवती पालथ्या क्रीचरची, म्हणजे लढणाऱ्या प्राण्या-पात्रांच्या कार्डांची, डेक बांधतोय. बजेट कमी आहे. मॉर्फ (तीन मॅनात पालथे खेळून नंतर सुलटे करता येणारे क्रीचर) किती, लँड (मॅना, म्हणजे कार्ड खेळायची ऊर्जा देणारी कार्डं) किती?

पालथापत्ता: १०० पैकी लँड ३७, मॉर्फ २५ च्या आसपास, मॅना वाढवणारे १०. कडेनामुळे प्रत्येक टर्नमधला पहिला पालथा क्रीचर ३ मॅनाने स्वस्त, म्हणजे मॉर्फ फुकटच, वर एक कार्डही मिळतं. खरा खर्च तो उलटताना, म्हणजे सुलटा करताना येतो; मॅना त्यासाठी राखा. महागडे मॉर्फ सोडा. विलबेंडर दोन मॅनात उलटतो आणि एकाच टार्गेटवरचा स्पेल (खेळलेला मंत्र) दुसरीकडे वळवतो. आइसफेदर एव्हन हा मॉर्फही घ्या. सीक्रेट प्लॅन्स हे कार्ड तर हवंच: दर वेळी मॉर्फ सुलटा झाला की एक कार्ड.

नियमवेडा_ठाणे: नवखे इथेच फसतात: मॉर्फ उलटल्यावर ‘मैदानात येताना’ची क्षमता चालत नाही, कारण क्रीचर आधीच मैदानात असतो. कार्डवर ‘उलटल्यावर’ असं असेल तरच घ्या. उलटणं स्टॅकवर (स्पेल आणि क्षमता पार पडण्याआधी थांबतात ती रांग) जात नाही, त्यामुळे काउंटर, म्हणजे रद्द, करता येत नाही. आणि पालथा मॉर्फ मेला की दाखवावाच लागतो.

दादरकर_डेक: स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची पाकिटं) कुठले?

पालथापत्ता: मागून अपारदर्शक, सगळे एकाच पाकिटातले. फॉइल (चकाकणारी कार्डं) टाळा, मुंबईच्या पावसाळी दमटपणात ते वाकतात, मग पालथं कार्डही ओळखू येतं.

नियमवेडा_ठाणे: पालथे मॉर्फ आले त्या क्रमाने वेगवेगळे ठेवा, कुठला कधी आला ते समोरच्याला कळलं पाहिजे. सरमिसळ केलीत तर भांडण ठरलेलं.