मदत हवी आहे: इंग्लंडात डिव्हिजन म्हणजे काय, वॉर्डापेक्षा वेगळं?

चहाबाज: मुलीच्या शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग हवंय, सह्या गोळा झाल्यात पण अर्ज द्यायचा कोणाला तेच कळेना. आमच्या वॉर्डाचे तीन काउन्सिलर, एकीला मेल टाकली तर म्हणे रस्ते कौंटी कौन्सिलकडे, तुमच्या डिव्हिजनवाल्याला गाठा. आता हे डिव्हिजन कुठून आलं? लवकर सांगा, शुक्रवारी पालकांची मीटिंग आहे.

तात्या रेडिंगकर: कौंटी कौन्सिल विसरा. बर्कशायरची १९९८ लाच बंद झाली. आता सहा युनिटरी, म्हणजे एकस्तरीय कौन्सिल, सगळी कामं एकाच ठिकाणी.

सातारी: तात्या, अख्खं इंग्लंड म्हणजे बर्कशायर नव्हे. चहाबाज, कौंटी कुठली ते लिहा की!

चहाबाज: अहो वॉटफर्ड, अजून कुठलं!

सातारी: मग हर्टफर्डशायर. कौंटी कौन्सिलसाठी ७८ डिव्हिजन, म्हणजे मतदारसंघ, प्रत्येकी एक सदस्य, मागची निवडणूक मे २०२५ ला झाली. खाली १० जिल्हे, त्यातला वॉटफर्ड बरो, त्याच्या कौन्सिलसाठी १२ वॉर्ड. कचरा उचलणं बरोकडे, रस्ते-शाळा-लायब्ररी कौंटीकडे. थोडक्यात आपल्याकडचे झेडपीचे गट आणि पंचायत समितीचे गण.

नाना: इतकं सरळ नाही. आपल्याकडे एका गटात बरोबर दोन गण बसवतात. इथे हद्दी ठरवणारं बाउंडरी कमिशन मतदारसंख्या साधारण सारखी ठेवायला बघतं, डिव्हिजन बरोची हद्द ओलांडत नाही पण वॉर्डाच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. सेंट्रल वॉटफर्ड अँड ऑक्सी हे डिव्हिजनचं नाव बघून दोन वॉर्ड जोडलेत असं धरून चालू नका.

सातारी: समजण्यापुरतं म्हटलं हो, तुम्ही लगेच फूटपट्टी काढलीत.

मीनल: भारतीय पासपोर्टवर पण मतदान करता येतं बरं का, आपण कॉमनवेल्थवाले! नाव नोंदवून ठेवा, फोटो आयडी म्हणून पासपोर्टच चालतो.

चहाबाज: मतदानाचं विचारलंच नाहीये. घराचा पोस्टकोड टाकून बघू का?

नाना: शाळा घराजवळच आहे ना?

चहाबाज: नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला.

नाना: हे आधी सांगायचं! क्रॉसिंग शाळेसमोर हवंय ना, मग शाळेचा पोस्टकोड टाका. राइट टू देम साइटवर बरोचे आणि कौंटीचे काउन्सिलर वेगवेगळे दिसतात, त्यातला कौंटीवाला घ्या. त्या डिव्हिजनमधले पालक सहीत असतील तर त्यांची नावं वर ठेवा.

तात्या रेडिंगकर: आमच्याकडे हे सगळं एका मेलमध्ये होतं.