हंगेरीची संत एलिझाबेथ: 'दानशूर' म्हणावं का?

प्रश्न: हंगेरीच्या संत एलिझाबेथवर लेख लिहिते आहे. जन्म १२०७, राजा दुसरा आंद्राश याची मुलगी. चार वर्षांची असताना जर्मनीतल्या थुरिंगियाच्या दरबारात आणली, १२२१ मध्ये तिथल्याच चौथ्या लुडविगशी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, चोविसाव्या वर्षी मृत्यू. तिला 'दानशूर' म्हणता येईल का? आणि तिच्या त्यागाबद्दल 'सर्वस्वावर तुळशीपत्र ठेवलं' हा वाक्प्रचार चालेल का?

प्रतिसाद १: 'दानशूर' चूक नाही, पण मला तोकडा वाटतो. या शब्दामागे कर्ण उभा असतो. याचक आला, मागितलं, देऊन टाकलं, तिथे व्यवहार संपला. १२२६ च्या दुष्काळात नवरा सम्राटाकडे इटलीत असताना एलिझाबेथने कोठारं उघडली, वार्टबुर्ग गडाखाली २८ खाटांचं रुग्णालय उभारलं. इथवर 'दानशूर' शोभतो. पुढचं पाहा. सुगी आली तेव्हा अंगात ताकद असलेल्यांना तिने सदरे दिले, कापणीसाठी विळे दिले आणि पायात धसकटं टोचू नयेत म्हणून जोडे दिले. घेणारा उद्या पुन्हा हात पसरायला येऊ नये, इतका पुढचा विचार त्यात आहे. शिवाय पानात आलेलं अन्न रयतेला नाडून आणलेलं असेल, तर ती त्याला हात लावत नसे. मी 'कनवाळू' आणि 'न्यायी' हे दोन्ही शब्द जोडीने वापरेन.

वैधव्यानंतर ती मारबुर्ग गावी राहिली, त्या काळासाठी मात्र 'सेवा' हाच शब्द. तिथे १२२८ मध्ये रुग्णालय काढून ती स्वतः रोग्यांना न्हाऊ-माखू घालत होती. 'महारोगी' लिहू नका, आज 'कुष्ठरोगी' म्हणतात. वरोऱ्याच्या 'महारोगी सेवा समिती'च्या नावात जुना शब्द आहे, कारण संस्था १९४९ची आहे.

प्रतिसाद २: तुळशीपत्राबद्दल. या वाक्प्रचारात मालकी सोडणं येतं, आणि नेमकं तेच तिला करू दिलं गेलं नाही. १२२८ च्या गुड फ्रायडेला तिने वेदीवर हात ठेवून आईवडील, मुलं, स्वतःची इच्छा, सगळ्याचा त्याग उच्चारला. मालमत्तेचाही करणार होती, पण तिचा धर्मगुरू कॉनराड याने तिला रोखलं: नवऱ्याची देणी फेडायची होती, गरिबांनाही द्यायचं होतं. म्हणून 'संसारावर तुळशीपत्र ठेवलं' चालेल, 'सर्वस्वावर' नको. पुढे स्त्रीधनापोटी २००० मार्क मिळाले, त्यातले ५०० तिने एका दिवसात गरिबांना वाटले.

एक विनंती. पदरातल्या भाकरीची फुलं झाल्याची गोष्ट घेणार असाल तर 'आख्यायिका' असं स्पष्ट लिहा. तिला संतपद देण्याआधीच्या चौकशीत तिच्या चार सख्या-दासींनी दिलेल्या साक्षीत ती गोष्ट नाही.

प्रश्न: दोघांचेही आभार. 'सर्वस्वावर' काढते. लेखभर 'त्या' लिहू की 'ती'? संत आहेत, म्हणून संकोच वाटतो.

प्रतिसाद १: 'ती' लिहा. आपण जनाबाईबद्दलही 'ती म्हणते' असंच प्रेमाने लिहितो. आणि इर्मगार्ड या दासीची साक्षच आहे: मारबुर्गमध्ये एलिझाबेथ कुणाला 'बाईसाहेब' म्हणू देत नसे, नावाने आणि एकेरीतच हाक मारायला लावायची. दासींना शेजारी बसवून आपल्याच ताटात जेवायला घ्यायची. इर्मगार्ड म्हणाली, यात तुम्हाला पुण्य मिळेल, पण आम्हाला गर्व चढेल त्याचं काय? त्यावर एलिझाबेथ म्हणाली, मग आता माझ्या मांडीवरच बस.