कमिंग ऑफ एज, म्हणजे वयात येण्याचा सिनेमा नक्की कोणाला दाखवायचा, पंधरा वर्षांच्या पोरींना की त्यांच्या आयांना?

रामबागची_मुलगी
मंडळी, भांडायला या, मनापासून बोलावतेय. आमचा सिनेमा झालाय, 94 मिनिटं, सगळा इंदूरमध्ये शूट केलेला, पैसे आमचे आणि चार मित्रांचे. दहावीचा शेवटचा पेपर ते निकाल, एवढा एका मुलीचा उन्हाळा. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, आणि त्याच उन्हाळ्यात आजोबांचा वाडा बिल्डरकडे जातो. आता पोस्टर, ट्रेलर, पहिले शो कुठे, सगळं एकाच प्रश्नावर अडलंय की बघणार कोण. माझा पार्टनर (कॅमेरा त्यानेच केलाय) म्हणतो तीस ते पंचेचाळीस, इंदूर सोडून पुण्या-बंगलोरला गेलेले. मी म्हणते 15 ते 18 ची पोरं.

मागच्या रविवारी एका काकांच्या हॉलमध्ये चादर टांगून कच्चा कट दाखवला, पंचवीसेक माणसं होती. आजी वाड्याला कुलूप लावते आणि किल्ली सवयीने परत कमरेला खोचते, तिथे झाडून सगळ्या मावश्या रडल्या, पोरं मागे मोबाईलमध्ये. मग हिरॉईन आईच्या फोनवरून मित्राला मेसेज करते आणि घाबरून डिलीट फॉर एव्हरीवन करते, तिथे एक नववीतली मुलगी एकदम जोरात बोलली, "अगं तिथे दिसतं ना मेसेज डिलीट केला म्हणून, पूर्ण चॅट उडव!" त्यानंतर त्या पोरांनी शेवटपर्यंत मोबाईल हातात घेतला नाही. मला माझा प्रेक्षक तिथे दिसला.

तोपखान्यातला
ताई, कौतुक आहेच, पण पार्टनरचं बरोबर आहे. पोरांना सकाळी शाळा, दुपारी कोचिंग, आणि तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशातले? आमच्याच. 'शाळा' सिनेमा आठवा, लागला 2012 ला, गोष्ट 1975 च्या आणीबाणीतल्या नववीची, म्हणजे ती नववी खरी जगलेली माणसं सिनेमा आला तेव्हा पन्नाशीची होती. ते वय मागे पडल्यावरच माणसाला त्याचा सिनेमा बघावासा वाटतो. मी स्वतः रामबागेत वाढलो, आमचाही वाडा गेला, तुमच्या किल्लीच्या सीनसाठी मी तीनदा तिकीट काढीन. इंदूरच्या सानंद संस्थेच्या नाटकांना जी मंडळी वर्षानुवर्षं येतात त्यांच्यापर्यंत आधी पोचा.

भंवरकुआं_सेकंड_फ्लोअर
काका सॉरी, पण मी 17 ची आहे आणि मला राग आला. आमच्या वयाच्या गोष्टी कायम आठवणीतून सांगतात, त्यात उन्हाळा म्हणजे आंबे आणि गच्ची. माझा उन्हाळा म्हणजे टेस्ट सिरीज, पीजीतला कूलर, आणि पप्पांचा रोज रात्री नऊला फोन की रँक काय आली. डिलीट फॉर एव्हरीवनवाली चूक आम्हीच पकडणार, तुम्ही नाही. आणि पैसे नसतात हे खरं नाहीये, सैराटला 2016 मध्ये माझा दादा मित्रांबरोबर दोनदा गेला होता, घरच्यांना विचारून नाही. पोस्टरवर वाडा टाकलात तर मी बघणार नाही, सरळ सांगते, मला वाटेल हा आजोबांचा सिनेमा आहे.

तोपखान्यातला
बेटा, सैराटच्या मागे झी होतं आणि अजय-अतुलची गाणी होती. हिच्या मागे चार मित्र आहेत.

एडिट_टेबल
पुण्यात दोन छोट्या सिनेमांच्या रिलीजचं काम केलंय म्हणून बोलतो. तुम्ही दोघं वयावरून भांडताय, पण वय आधी सेन्सॉरच्या कागदावर ठरतं. 2024 पासून यूएचे 7+, 13+, 16+ असे भाग झालेत. ते पालकांसाठी मार्गदर्शन आहे, पोरगं आत बसू शकतं. पण ए मिळालं तर अठराच्या आतल्याला दारातूनच परत पाठवतील आणि ताईंचा प्रेक्षक संपला. म्हणून शिव्या किती, सिगरेट कोण ओढतंय, हे आत्ताच तपासा.

दुसरं फेस्टिव्हल. बर्लिनला जनरेशन विभागात मुलांसाठी केप्लस आणि जरा मोठ्यांसाठी 14प्लस असे दोन भाग असतात. 2014 मध्ये 'किल्ला' सिनेमाला केप्लसमध्ये क्रिस्टल बेअर मिळालं, ते मुलांच्या ज्यूरीने दिलं. मराठी सिनेमा, कोकणातला पाऊस, आणि जर्मनीतल्या पोरांना तो आपला वाटला. आपल्याकडे मात्र असा सिनेमा मुलांना दाखवायचं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही. मी ताईंच्या बाजूने, फक्त "15 ते 18" हे फार ढोबळ आहे. शहर सांगा, भाषा सांगा, शनिवारी दुपारी ती मुलगी कुठे असते ते सांगा.

बडोद्याची_सून
भाषेचं कोणी बोलतच नाहीये! माझी मुलगी घरी मराठी बोलते ते सुद्धा अर्धं गुजराती, मराठी सिनेमा म्हटलं की "मला नाही समजणार" म्हणून आधीच पळते. तुमच्या सिनेमात पोरगी जिना उतरून हिंदी बोलते ना, मग ट्रेलर तिथूनच सुरू करा, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, सगळीकडच्या आपल्या पोरांना कळेल की हे आपलं आहे. महाराष्ट्रातला प्रेक्षक नंतर. आणि माझं मत, आई-मुलगी एकत्र हाच खरा प्रेक्षक, मला तिच्या शेजारी बसून बघायचाय.

भंवरकुआं_सेकंड_फ्लोअर
काकू, आईच्या शेजारी बसून मी तो मेसेजवाला सीन बघूच शकत नाही. मी स्क्रीनकडे बघीन का आईच्या तोंडाकडे?

बडोद्याची_सून
हे मात्र पटलं. मीही माझ्या आईबरोबर नसता बघितला.

रामबागची_मुलगी
रात्री सगळं पार्टनरला वाचून दाखवलं. काका, किल्लीचा सीन आहे तस्साच राहील, पण पोस्टरवर वाडा नाही, जिन्याच्या मधल्या पायरीवर फोन घेऊन बसलेली मुलगी. ट्रेलर हिंदीतून सुरू. शिव्या मोजल्या, अकरा निघाल्या, तीन गरजेच्या आहेत, बाकीच्या उडवतेय. पार्टनर अजून मानलेला नाही, तो म्हणतो पुण्यात एक शो मोठ्यांसाठी ठेवूच, ठेवू दे.

डिलीटचा शॉट परत घेतोय, आता ती चॅटच उडवते. आणि सेकंड फ्लोअर, येत्या शनिवारी दुपारी भंवरकुआंजवळ एका मैत्रिणीच्या क्लासची खोली रिकामी मिळतेय, चाळीस खुर्च्या, आई-बाबा कोणी नाहीत. तुझ्या पीजीतल्या किती जणी येतील?

भंवरकुआं_सेकंड_फ्लोअर
रविवारी टेस्ट आहे. पाचनंतर ठेवाल तर नऊ जणी.