पदविका आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी

बारावीनंतर पुण्यातल्या भाच्याने महाविद्यालयाच्या पदविका अभ्यासक्रमातून वैमानिक व्हावे की थेट उड्डाणशाळेत जावे, हा एका वाचकाने विचारलेला प्रश्न रास्त आहे. मात्र अशा चर्चेत पदविका आणि परवाना यांची गल्लत होते. विमान चालवण्याचा अधिकार डीजीसीएच्या, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, व्यावसायिक वैमानिक परवान्याने मिळतो, पदविकेने नव्हे. त्यासाठी किमान वय १८ वर्षे आणि एकूण २०० तासांचे उड्डाण लागते. या तासांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असावी लागतात आणि त्यांत किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरण्याचा एक लांबचा प्रवासही असतो. म्हणून माहितीपत्रकातल्या वसतिगृहाच्या छायाचित्रांपेक्षा शुल्कात नेमके किती उड्डाणतास धरले आहेत आणि ते वाढल्यास पैसे कोणी भरायचे, हे लेखी विचारावे. कॅनडासारख्या देशात महाविद्यालयीन पदविकेसोबत तिथला परवाना मिळाला, तरी भारतात नोकरीसाठी तो डीजीसीएच्या परीक्षा देऊन बदलून घ्यावा लागतो.

हडपसरची ग्लायडर पाहत वाढलेल्या आम्हा पुणेकरांना उड्डाणाचे वेड नवे नाही, पण शुल्क भरण्यापूर्वी भाच्याची या परवान्यासाठी लागणारी पहिल्या वर्गाची (क्लास वन) वैद्यकीय तपासणी करून घ्या. चष्मा सहसा आड येत नाही. रंगांधळेपणा मात्र येऊ शकतो, आणि तो अनेकांना तोवर ठाऊकही नसतो.