ऑस्करची वर्गणी

पिटातला प्रेक्षक: २००४ साली 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा लोकांनी अक्षरशः वर्गणी काढली. त्याआधीच त्याला देशातल्या सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ मिळालं होतं, 'श्यामची आई'नंतर मराठीला पहिल्यांदाच. त्याचं कौतुक चार दिवस. नामांकन हुकलं तेव्हा मात्र घरातलं पोरगं दहावीला नापास झाल्यासारखे चेहरे! अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांनी पास केलं तरच आपण पास, हे कधी ठरलं?

तिरकस: वर्गणी देणाऱ्यांची थट्टा नको. तिकडे खेळ लावायचे, मतदारांना बोलवायचं, जाहिराती द्यायच्या. एवढा पैसा मराठी निर्मात्याने आणायचा कुठून? आणि परक्या शिक्क्याचं म्हणाल तर 'कोर्ट' घ्या. २०१४ ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षिसं मिळाली नसती तर इथल्या किती जणांनी तो पाहिला असता? 'साबर बोंडं'चंही तेच. २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात पहिला आला, मग आपल्याकडे नाव ऐकू यायला लागलं.

पिटातला प्रेक्षक: अहो, मग माझंच म्हणणं खरं झालं की! प्रभातचा 'संत तुकाराम'ही १९३७ ला व्हेनिसमध्ये वाखाणला गेला. पण दामले-फत्तेलालांनी तो अभंग पाठ असलेल्या माणसांसाठी केला होता, आणि मुंबईत वर्षभर चालला तोही त्यांच्याच जिवावर.

शेवटची रांग: तुम्ही दोघंही कौतुकावरच अडलात. रागाचं काय? १९८० मध्ये नर्गिसबाईंनी राज्यसभेत सत्यजित राय यांच्यावर ठपका ठेवला, की हे परदेशात आपलं दारिद्र्य दाखवून नाव कमावतात. ('मदर इंडिया'त चिखलात नांगर ओढून ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते वेगळं.) 'स्लमडॉग'च्या वेळी पुन्हा तेच. झोपडपट्टी दाखवली म्हणून आधी बोंब, आणि आठ ऑस्कर मिळाल्यावर ब्रिटिश सिनेमा आपला म्हणून पेढे. रेहमान, गुलजार, पूकुट्टींचं कौतुक रास्तच, पण बाकीचे कसले नाचत होते? शिव्या देणाऱ्यांचाही एक डोळा 'ते काय म्हणतील' याकडेच होता. रायांना निदान बंगालात स्वतःचा प्रेक्षक होता.

तिरकस: हे पटलं. पण स्वाभिमान तिकीट खिडकीवर दिसू दे. या आठवड्यात तुमच्या जवळच्या थेटरात कुठला मराठी सिनेमा लागलाय? मोबाइल न बघता सांगा.

पिटातला प्रेक्षक: लागलाय एक. दिवसात एकच खेळ, सकाळी पावणेदहाचा. साहेबांना काय सांगू, ते सुचवा.