मदत हवी आहे: ८० हजारांत जुनी बाईक, रोज हिंजवडी आणि वर्षातून चारदा कुंभार्ली घाट

मंडळी, नमस्कार.

धायरी ते हिंजवडी फेज ३, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, मग बायपासने वाकड. आजवर स्कूटरवर भागवलं, ती आता धाकट्या भावाला देतोय. मला एकच गाडी हवी आहे, जी सोमवारी ऑफिसला नेईल आणि गणपती, शिमगा, मे महिना आणि अधूनमधून आईला आठवण आली की चिपळूणला. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली असा रस्ता. मागे बायको, आणि परतताना तांदूळ, कोकम, नारळ. 'नको' म्हटलेलं आमच्या घरी कोणी ऐकत नाही.

बजेट ८० हजार, सगळं धरून. म्हणजे ट्रान्सफर, विमा, घेतल्याबरोबर करावं लागणारं काम, सगळं. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे "अजून दहा टाका" असं कृपया सुचवू नका. उंची पाच फूट पाच.

आत्तापर्यंत डोळ्यांखालून गेलेल्या गाड्या:

हिरो एक्सपल्स २००, २०२० ची, ८८ सांगतोय. मन इथे अडकलंय. बसलो तर दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात.

होंडा युनिकॉर्न, २०२१ ची, २४ हजार किमी, एमएच-१४ पासिंग, ७८ सांगतोय. मित्र म्हणाला, "ही काकांची गाडी आहे." असेल. मीही आता ३६ चा आहे.

रॉयल एनफील्ड हिमालयन ४११, २०१७ ची, ८५. इतक्या स्वस्तात का देतोय, हेच कळत नाहीये.

सुझुकी जिक्सर, २०१९. मला आवडली, पण मागची सीट बघून बायको म्हणाली, "तुम्ही जा, मी लाल परीने येते."

मित्राची ३५० सीसीची बाईक आठवडाभर वापरून पाहिली होती. रविवारी राजा. शुक्रवारपर्यंत क्लच दाबून दाबून डाव्या हाताची बोटं आखडली होती.

कागदपत्रांची धास्ती वेगळीच. २०१७ मध्ये मी माझी पहिली बाईक एका एजंटला विकली. फॉर्मवर सह्या केल्या, पैसे घेतले, विसरलो. दीड वर्षाने चलनं माझ्या नावावर यायला लागली, कारण गाडी माझ्याच नावावर होती. ती निस्तरायला किती चकरा मारल्या ते सांगत बसत नाही. या वेळी मी घेणारा आहे, तेव्हा काय काय बघू?

घाटवेडा
एक्सपल्स चार वर्षं वापरतोय, म्हणून खरं सांगतो. खडबडीत रस्त्यावर तिला तोड नाही. पुढचं चाक २१ इंची, खड्डे गिळून टाकते. पण गिअर पाचच, आणि ८०-८५ च्या वर गेलात की इंजिन ओरडायला लागतं. सातारा रोडवर दोघं आणि सामान म्हणजे ती दमते. दुसरं, स्पोकची चाकं, आत ट्यूब. पाटणच्या पुढे रात्री साडेनऊला पंक्चर झालो होतो, टपरीवाल्याला झोपेतून उठवलं. ट्यूबलेस असती तर हवा मारत मारत घरी पोचलो असतो. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये कच्चा रस्ता एकदाही आलेला नाही. मग एक्सपल्स कशाला?

हिशोबनीस
महिन्याला साधारण ११०० किमी. युनिकॉर्न ५० चं एव्हरेज देते असं धरा, २२ लिटर. हिमालयन ३० चं, जवळजवळ ३७ लिटर. १५ लिटरचा फरक, म्हणजे पंधराशेच्या वर दर महिन्याला, फक्त ऑफिसपायी. शिवाय थर्ड पार्टी विमा बघा. जून २०२२ पासूनचे वर्षाचे दर १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० पर्यंत १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये. हिमालयन ४११ शेवटच्या गटात. ती स्वस्त का मिळते याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं इंजिन उघडल्यावर मिळतं. :)

बुलबुल
वहिनींना विचारून ॲव्हेंजर २२० का बघत नाही? सीट ७३७ मिमी, तुमचे पाय आरामात टेकतील, मागे टेकायला पाठही असते.

धायरीकर (मूळ प्रश्नकर्ता)
बसवून आणलं. तिला पसंत, मला नाही. लांबलचक गाडी, चांदणी चौकात दोन बसच्या मधून वळवताना घाम फुटला.

नाना पेठेतला
गाड्यांतच आयुष्य गेलं, म्हणून चार गोष्टी.

सकाळी जा आणि इंजिनला हात लावून बघा. थंड पाहिजे. गरम असेल तर काहीतरी लपवतायत, परत या. थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हावं, निळा धूर नको. सुरुवातीचा टाळीसारखा आवाज गरम झाल्यावर गेला तर ठीक, वाढला तर हाफ इंजिनचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या कामाचा, खर्च धरा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. फूटरेस्टचं रबर, ब्रेक पेडल, ग्रिप बघा. वीस-पंचवीस हजार चाललेल्या गाडीचं फूटरेस्ट गुळगुळीत होत नाही. डिस्कच्या कडेवर नख फिरवा, उंच धार लागली तर डिस्क झिजली. पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ म्हणजे सील गेलं. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मधोमध खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला वाकले असतील तर चेनसकट बदलायचं.

आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. फोटोवर नाही, गाडीवर.

संगम पुलाजवळचा
कागदांचं मी सांगतो. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी, पैसे नंतर. एमएच-१४ ची गाडी एमएच-१२ मध्ये आणली तरी राज्य एकच, नंबर तोच राहतो. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल, ती बजेटमध्ये धरा. गाडीच्या नंबरवरची चलनं ऑनलाइन दिसतात, ती त्यालाच भरायला लावा. आणि "ट्रान्सफर मी करून देतो" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणा. २०१७ मध्ये तुम्ही विकणारे होतात, तोच धडा उलटा गिरवा.

धायरीकर (मूळ प्रश्नकर्ता)
दोन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

२४ हजारवाली युनिकॉर्न बघायला सकाळी सातला गेलो. मालक म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली." नाना पेठवाले काका, तुमची आठवण आली. फूटरेस्टचं रबर तर साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. सर्व्हिसची बिलं मागितली. त्यांनी मोठ्या उत्साहाने फाइल आणली. त्यात २०२३ चं एक बिल होतं, त्यावर किमी ३१ हजार. मी बिल पुढे केलं, ते मीटरकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मीटर बदललं असेल." चहा पिऊन निघालो. चहा चांगला होता.

तीच गाडी हवी हे तोवर पक्कं झालं होतं, पण ही नव्हे. कोथरूडला एका निवृत्त गृहस्थांकडे २०२० ची मिळाली. ३८ हजार किमी, आकडा ऐकून आधी जाणारच नव्हतो. पण पहिल्या सर्व्हिसपासून सगळी बिलं वहीत चिकटवलेली, दोन्ही चाव्या, बोजा नाही, एक चलन होतं ते त्यांनी माझ्यासमोर भरलं. ७२ सांगत होते, ६६ ला ठरली. चेन-स्प्रॉकेट आणि मागचा टायर आताच बदलायचाय, ते धरूनही ८० च्या आत बसतंय. सह्या झाल्या, अर्ज भरलाय. देताना काकांनी टाकीवर दोनदा हात फिरवला आणि वही मला दिली. आता पुढची बिलं मी चिकटवायची, असं आमचं ठरलंय.

बायकोने सीटवर बसून, मागे-पुढे सरकून, "चालेल" म्हटलं. आमच्याकडे हे पारितोषिकच.

आता शेवटचा प्रश्न. या गाडीला मागे कॅरिअर बसवलं तर त्यावरच टेकायची गादीही लावता येते का, की दोन्हीपैकी एकच? नाना पेठेत कुणी लावून घेतलं असेल तर सांगा. शिमग्याला जायचंय, आणि परतताना तांदूळ असणारच.