महागड्या गाडीचा टवका उडालेला रंग घरी भरावा का?

खडीचा_रस्ता: बोनेटवर तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला की बीएमडब्ल्यू-मर्सिडीजवाले अख्खं बोनेट रंगवायला देतात. मला हे मुळीच पटत नाही. कारखान्यात वायरी, सीट बसवण्याआधी नुसती बॉडी १४० अंशांच्या आसपास भाजतात. तयार गाडी वर्कशॉपमध्ये साधारण ६० अंशांवरच तापवतात, जास्त तापवली तर प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काय होईल? म्हणजे मूळचा रंग एकदा घासून काढला की तसा परत मिळत नाही. टवका साफ करा, दाराच्या खांबावरच्या किंवा बोनेटखालच्या स्टिकरवरचा कलर कोड बघून रंग आणा, बारीक ब्रशने भरा. झालं.

बफिंगबहाद्दर: "झालं" म्हणणं सोपं आहे हो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. स्प्रेने ते बऱ्यापैकी सपाट बसतात, ब्रशने वाटेल तसे वेडेवाकडे. कोड बरोबर असला तरी ठिपका एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिका दिसणार. त्यात तीन थरांचा पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेला रंग, असेल तर विचारूच नका. एवढी महागडी गाडी घेऊन तिला देवीचे व्रण कशाला?

खडीचा_रस्ता: हातभर अंतरावरून दिसेल, मान्य. पण लोक चुकतात ते रंगात नाही, घाईत. एकच जाड थेंब टाकतात, तो वर फुगतो. पातळ थर द्यायचा, सुकू द्यायचा, मग पुढचा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, शेवटी, आजूबाजूपेक्षा किंचित वर. तो पुरता कडक झाल्यावर २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने.

बफिंगबहाद्दर: इथेच घात होतो! मूळ क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हात जरा जड पडला की टवक्याभोवतीचाही गेला, आणि मग तुम्ही ज्याला नाकं मुरडताय तेच अख्खं बोनेट रंगवणं नशिबी. शिवाय या गाड्यांची बोनेटं बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असतात, लोखंडासारखी गंजत नाहीत. मग घाई कसली?

खडीचा_रस्ता: तांबडा गंज धरत नाही, पण ॲल्युमिनियमही खराब होतं. उघड्या जागेतून ओल शिरते, पांढरी भुकटी धरते आणि रंग कडेने फुगत जातो.

सेकंडहँड: जुन्या गाड्या बघणारा म्हणून सांगतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं आणि एकाच पॅनलवर आकडा १२० वरून २५० मायक्रॉनवर गेला, म्हणजे पुन्हा रंगवल्यासारखं दिसलं, की पहिला प्रश्न अपघाताचा. भरलेले दोन ठिपके दिसले तर कोणी काही विचारत नाही.

रडारराव: दोघांनीही बंपर विसरलात. आसपासच्या गाड्या टिपणारं रडार त्याच्या मागे असेल तर त्या भागात जास्तीचा रंग किंवा पुट्टी सिग्नलच्या आड येऊ शकते. कंपनीची मर्यादा पाहिल्याशिवाय तिथे हात लावू नये. आणि मॅट रंगाला पॉलिश पेपर लावायचाच नाही, तिथे चकाकी येते ती जात नाही.

बफिंगबहाद्दर: मॅटचं बरोबर. काळ्या साध्या रंगावर ब्रश चालवा, मी आड येणार नाही. पर्ल पांढऱ्यावर मात्र नाही म्हणजे नाही.

खडीचा_रस्ता: पर्ल पांढरा असेल तर आधी दाराच्या आतल्या कडेला थेंब लावून सुकू देईन. जुळला तर बोनेटवर, नाही तर तिथे नुसता क्लिअर. ओल तरी अडेल.